विमानात मला हुडहुडी, नवऱ्याला घाम

एका वाचक ताईंचं पत्र आलंय, थोडक्यात देते:

"गेल्या महिन्यात आम्ही नऊ तासांच्या रात्रीच्या फ्लाइटने गेलो. मी, नवरा, अडीच वर्षांची मुलगी आणि सासूबाई. विमान सुटायच्या आधी आत एवढी काहिली की मुलगी रडून लाल झाली, आणि वर गेल्यावर दोन तासांत असा गारठा की माझे दात वाजायला लागले. मी खिडकीशी, मुलगी मधे, नवरा आइलला, सासूबाई आइलच्या पलीकडे. मुलीला दोन स्वेटर आणि टोपी घातली तरी ती रात्रभर किरकिरत होती. एअरहोस्टेसला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा 'हो मॅम, करते' म्हणाली, फरक शून्य. नवरा हाफ टीशर्टमधे, वर म्हणतो मला तर उकडतंय, तुझ्या मनाचे खेळ आहेत. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत पण उतरताना हात धरला तर बर्फ. पुढच्या महिन्यात परत तोच प्रवास आहे. एअरलाइनवाले मुद्दाम गार ठेवतात म्हणतात ते खरं का? आणि मी नक्की काय करू?"

ताई, मनाचे खेळ वगैरे काही नाही, तुम्हाला थंडी वाजतच होती. आता जरा कडू लागेल पण तुमच्या मिस्टरांना उकडत होतं हेही खरं असणार. आणि मुलगी किरकिरत होती ना, तर माझा अंदाज असा की तिलाही उकडतच होतं, कारण दोन स्वेटर आणि टोपी तिला थंडी वाजली म्हणून नाही तर तुम्हाला वाजली म्हणून चढली. रागावू नका, आपण सगळ्याच आया हे करतो.

कोण कुठे बसलं होतं ते लिहिलंत ते फार बरं केलंत, अर्धं उत्तर तिथेच आहे. विमानात हवा वरून येते, सामानाच्या कप्प्यांच्या वरच्या-खालच्या फटींमधून, मग ती गोल फिरत खाली उतरते आणि भिंतीच्या तळाशी, पायाजवळ ज्या जाळ्या असतात तिथून बाहेर ओढली जाते. म्हणजे खिडकीशी बसलेल्या माणसाचे पाय बरोब्बर त्या वाऱ्याच्या वाटेवर. त्यात ती भिंत. 35-36 हजार फुटांवर बाहेर उणे 55 च्या आसपास असतं, वेगामुळे हवा दाबली जाऊन तापते म्हणून पत्रा तेवढा गार होत नाही पण तरी उणे पंचवीस-तीस धरा, त्याच्या आत इन्सुलेशनची गादी आणि मग आपल्याला दिसतं ते प्लॅस्टिकचं पॅनल. (काँकॉर्ड नावाच्या जुन्या प्रवासी विमानात उलटं होतं, ते इतकं वेगात जायचं की खिडक्या हाताला कोमट लागायच्या. पण ते 2003 सालीच बंद झालं, तेव्हा तो उपाय गेला.) तुमचा उजवा किंवा डावा जो काही खांदा त्या पॅनलला टेकलेला असेल तो रात्रभर भिंतीला उष्णता देत बसलेला असतो, मग केबिनची हवा 23 डिग्री का असेना. आणि मिस्टर दीड-दोन हात लांब, दोन्ही बाजूंना माणसं, भिंत नाही, पायाशी जाळी नाही. एकाच रांगेत दोन वेगळी हवामानं.

आता सुटायच्या आधीच्या काहिलीबद्दल. विमान जमिनीवर असताना मुख्य इंजिनं बंद असतात, तेव्हा एसीसाठी हवा बहुतेक वेळा शेपटीतल्या छोट्या इंजिनाकडून येते, त्याला एपीयू म्हणतात, नाहीतर बाहेरून जाड पाइप लावून गार हवा आत सोडतात. रणरणत्या उन्हात पत्रा तापलेला, दारं उघडी, पावणेदोनशे माणसं आत येतायत, सामान कोंबतायत, धापा टाकतायत, आणि नुसता शांत बसलेला माणूससुद्धा साधारण शंभर वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता सोडतो, म्हणजे सतरा-अठरा किलोवॉटचा हीटर आपण स्वतःच घेऊन चढतो. त्याला ते बिचारं छोटं इंजिन पुरं पडत नाही. मग विमान मागे ढकललं जातं आणि नेमकं तेव्हाच एसी एकदम बंद पडल्यासारखा वाटतो, वरची घरघर थांबते, सगळे एकमेकांकडे बघतात. ते बिघडलेलं नसतं. बहुतेक विमानांत मोठी इंजिनं चालू करायलाही तीच दाबाची हवा लागते, म्हणून तेवढा वेळ एसीची हवा तोडतात. दोन-चार मिनिटांत परत येते. आणि तेव्हा वरून पांढरा धूर आल्यासारखा दिसला तर घाबरू नका, बाहेर दमट हवा असली की गार हवेत तिचं धुकं होतं, बास.

वर गेल्यावर मात्र गोष्ट उलटी होते, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एसीची हवा मुळात गरम असते. ती इंजिनातूनच काढतात, जिथे हवा दाबली जाते तिथून, दोनशे डिग्रीच्या आसपास आणि कधी त्याच्याही वर. (2011 पासून प्रवासी नेणारं बोइंग 787 तेवढं वेगळं, त्यात विजेवर चालणारे कॉम्प्रेसर बाहेरची हवा घेतात.) ही गरम हवा 'पॅक' नावाच्या यंत्रात जाते, तिथे ती बाहेरच्या गार हवेने थंड करतात, परत दाबतात, परत थंड करतात आणि मग एका छोट्या टर्बाइनमधून पसरू देतात की ती एकदम गार पडते. तिच्यात केबिनमधलीच फिल्टर केलेली हवा साधारण निम्मी-निम्मी मिसळतात आणि मग ती आपल्याकडे येते. नियमाने दर माणशी दर मिनिटाला जवळजवळ पाव किलो ताजी हवा देता येईल अशी सोय करावी लागते. हो, पाव किलो, हवा किलोत मोजतात.

आणि तुमच्या गारठ्याची खरी मेख पुढे आहे. केबिनचे भाग पाडलेले असतात, झोन. आपण नेहमी बसतो त्या मधे एकच आइल असलेल्या विमानात साधारण तीन, त्यातला एक पायलटचा, म्हणजे प्रवाशांना दोनच, पुढचा आणि मागचा. पॅककडून येणारी हवा सगळ्यात जास्त गारवा ज्या झोनला हवाय त्याच्या हिशोबाने गार केलेली असते आणि बाकीच्या झोनमधे जाताना तिच्यात थोडी थोडी गरम हवा सोडतात. आंघोळीच्या कढत पाण्यात आपण विसण घालतो ना, तसंच पण उलटं, इथे गारात गरमाचं विसण. ते विसण किती घालायचं हे त्या झोनमधला सेन्सर ठरवतो आणि तो सेन्सर कुठेतरी वर छतात असतो, तुमच्या पावलाजवळ नाही. त्याला वाटतं 23 आहे, सगळं छान. ऐंशी-नव्वद माणसांना एक सेन्सर, एक आकडा.

शिवाय रात्र. बोर्डिंगच्या वेळी सगळे घामाघूम असतात म्हणून टेंपरेचर खाली लावलेलं असतं, मग खाणंपिणं होतं, दिवे जातात, माणसं झोपतात, झोपलेलं शरीर कमी उष्णता तयार करतं, पहाटेकडे तर अंगाचं तापमान मुळातच उतरलेलं असतं, आणि आकडा मात्र तोच राहतो जर कुणी हलवला नाही तर. आणि जो हलवणार तो केबिन क्रू जागा असतो, चालत असतो, ट्रॉली ढकलत असतो, वाकतो, उचलतो, त्याला कुठली आलीये थंडी? त्यात हवा प्रचंड कोरडी, दमटपणा बऱ्याचदा वीस टक्क्यांच्याही खाली, त्वचेवरचा ओलावा सतत उडत राहतो आणि तेच 23 डिग्री अजून गार वाटतात.

मुद्दाम गार ठेवतात का, तर लोक झोपावेत म्हणून, पेट्रोल वाचवायला म्हणून, ब्लँकेट विकायला म्हणून असल्या गोष्टी मी पण ऐकल्यात, मला नाही पटत. पण गार आणि गरम यात निवडायची वेळ आली तर क्रू गारच्या बाजूला झुकतो असं मला वाटतं आणि खरं सांगू, मला ते बरोबरही वाटतं. केबिनमधला हवेचा दाब आठ हजार फुटांच्या डोंगरावर असतो तितपत कमी असू शकतो, ऑक्सिजन थोडा कमी मिळतो, माणूस तासन्‌तास बसलेला, पाणी कमी प्यायलेलं, त्यात उकाडा झाला की मळमळ, घेरी, उभं राहिलं की धपकन खाली. गारठलेल्या माणसाला शाल देता येते, उकडणाऱ्या माणसाला कातडी काढून ठेवायला सांगता येत नाही.

एअरहोस्टेस खोटं बोलली का? मला नाही वाटत, निदान पहिल्यांदा तरी नाही. तिच्याकडच्या पॅनलवरून पायलटने लावलेल्या आकड्याच्या वरखाली दोन-तीन डिग्रीच फरक करता येतो, काही विमानांत तेवढाही नाही, पायलटला फोन करून सांगावं लागतं. केल्यावर जाणवायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. आणि तुमच्यानंतर पाच मिनिटांनी अजून कुणीतरी तिला बोलावून उकडतंय म्हणालं असेल. कदाचित तुमच्या मिस्टरांनीच! विचारा त्यांना.

आणखी एक. तुम्ही तिला नेमकं काय म्हणालात? "एसी कमी करा" म्हणालात का? कारण आपल्याकडे निम्मी भांडणं या वाक्यावरून होतात, एसी कमी कर म्हणजे गारवा कमी कर की आकडा कमी कर, म्हणणाऱ्याच्या मनात एक आणि करणाऱ्याच्या मनात दुसरं. माझ्या डोळ्यांदेखत एका काकांनी तीनदा "एसी कमी" करायला लावला आणि दर वेळी जास्त गारठून परत बेल दाबली. तेव्हा सरळ सांगा, "आम्हाला थंडी वाजतेय, टेंपरेचर दोन डिग्री वाढवता येईल का, आम्ही अमुक नंबरच्या रांगेत आहोत, आसपासचे लोक पण गारठलेत." रांग सांगणं महत्त्वाचं कारण त्यावरून झोन कळतो. आणि दिवे जायच्या आधी सांगा, पहाटे तीन वाजता नाही. तेव्हाच ब्लँकेटही मागून ठेवा, ती मोजकी असतात आणि नंतर संपतात. सांगून वीस मिनिटं थांबा, मग परत विचारा, यात उद्धटपणा काही नाही. गारठा-उकाडा त्यांनाही नकोसाच असतो, अमेरिकेत केबिन क्रूच्या युनियनने 2018 साली केबिनच्या तापमानाचा नियम करा म्हणून सरकारकडे रीतसर अर्जच केला होता.

मुळात नियम असा कडक नाहीये, हेही सांगून टाकते. अ‍ॅश्रे नावाची एसी-हीटिंगवाल्या इंजिनियरांची संस्था आहे, त्यांच्या विमानांच्या मानकात साधारण 18 ते 24 डिग्री सांगितलंय, फार तर 27 च्या आत ठेवा असं. पण ती शिफारस. आणि 18 सुद्धा त्यात बसतं हे बघा, नऊ तास न हलता 18 मधे बसायचं म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमच्या डोक्यावरचं ते गोल नोझल. ते पूर्ण बंद केलं तर केबिन गरम होत नाही, पण अंगावरचा वारा थांबतो आणि तेवढ्याने बराच फरक पडतो. गंमत अशी की तिघांची नोझलं एकाच पट्टीवर शेजारी शेजारी असतात आणि चेंडूसारखी फिरतात, मिस्टरांनी त्यांचं पूर्ण उघडलेलं असेल आणि ते जरा तिरकं वळलेलं असेल तर त्यांची हवा तुमच्या मानेवर. मी स्वतः एकदा दोन तास स्वतःचं नोझल पिळत बसले होते, बंदच होतं ते, वारा शेजारच्या माणसाचा होता. आधी तळहात वर धरून बघा कुठून येतोय.

सीटबद्दल, दारांजवळच्या आणि एक्झिट रोच्या सीट टाळा, सासूबाई असतील तर नक्कीच. दाराजवळ गारठा जास्त असतो, पायाशी तर विचारू नका. लेगरूमच्या मोहाने मी एक्झिट रो घेतली होती, पाय लांब करायला मिळाले पण ते पाय माझेच आहेत का हे चाचपून बघावं लागत होतं. आणि तिथे टेकऑफच्या वेळी हातातली बॅगही वर ठेवायला लावतात, शाल त्या बॅगेत! तशीही शाल, मोजे बॅगेत ठेवूच नका, अंगावर किंवा मांडीवर असू देत.

कपड्यांचं म्हणाल तर एक जाड स्वेटर नको, पातळ पातळ दोन-तीन थर घ्या, कारण तुम्हाला एकाच प्रवासात काहिलीतून जायचंय आणि गारठ्यातूनही. वर चढताना सुती कपडा, मग एक पूर्ण बाह्यांचं, मग चेन असलेलं जॅकेट म्हणजे झोपेतही अर्धं उघडता येतं. पण सगळ्यात जास्त फरक पडतो तो दोन ठिकाणी, पाय आणि मान. लोकरीचे मोजे घ्या, सैल, आणि पाय त्या भिंतीकडच्या जाळीपासून आत ओढून घ्या, जाळीवर बॅग मात्र टेकवू नका. मानेला स्कार्फ. ब्लँकेट मिळालं तर ते अंगावर घ्यायच्या आधी भिंतीच्या आणि तुमच्या मधे खोचा, घडी करून, खांद्यापासून मांडीपर्यंत, मग उरलेलं अंगावर. खिडकीचं शटर खाली. दर तासा-दीड तासाला उठून मागेपर्यंत चालून या, अंगात ऊब येते. ऊब यावी म्हणून वाइन वगैरे घेणारे असतात, तसं करू नका, कातडीला गरम वाटतं आणि आतली उष्णता उलट बाहेर जाते. कोमट पाणी मागा, देतात.

सासूबाईंचं मला जास्त वाटतं. वय झालं की थंडी उशिरा कळते, रक्ताभिसरण मंदावलेलं असतं, आणि त्या पिढीला "मला काही नको" म्हणायची सवय. त्यांना थंडी वाजते का असं विचारू नका, त्या नाहीच म्हणणार. बोटं धरून बघा. चढतानाच मोजे घालायला लावा, डायबिटीस असेल तर घट्ट इलॅस्टिकचे नकोत, आणि पायाला गरम पिशवी वगैरे तर अजिबात नको, चटका बसलेला कळत नाही. दर दोन तासांनी त्यांना घेऊन टॉयलेटपर्यंत फेरी मारा, म्हणजे तुमचीही फेरी होते.

मुलीचे हात-पाय बघून ठरवू नका, लहान मुलांचे हात गारच असतात. मानेच्या मागे, कपड्याच्या आत दोन बोटं घाला. ओलसर, गरम लागलं तर एक थर काढा. झोपली की टोपी काढा, ब्लँकेट छातीपर्यंतच, तोंडावर नको.

जमिनीवर अडकलात आणि उकाडा झाला तर शटर खाली, तिन्ही नोझलं उघडी, मुलीचे वरचे कपडे सरळ काढा, लाजू नका, पाणी घोट घोट. पण कुणाला चक्कर, मळमळ, मूल सुस्तावल्यासारखं वाटलं तर बेल दाबून "उकडतंय" म्हणू नका, "बाळाला त्रास होतोय" असं म्हणा. उकडतंय ही तक्रार होते, त्रास होतोय म्हटलं की त्यांना पायलटला कळवावं लागतं आणि मग बाहेरचा पाइप लावणं, दार उघडणं, परत मागे नेणं यातलं काहीतरी हलतं. नंतर लेखी तक्रार करणार असाल तर तारीख, फ्लाइट नंबर, सीट नंबर आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत एवढं फोनमधे लिहून ठेवा. "खूप उकडलं" अशा मेलला "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" याच्यापलीकडे उत्तर येत नाही.

एक खासगी प्रश्न, घरी, ऑफिसमधे पण तुम्हालाच सगळ्यात आधी थंडी वाजते का? तसं असेल तर एकदा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या, डॉक्टरांना सांगा. नसेल वाजत तर सोडून द्या, ती सीटच गार होती.

आणि यावेळी खिडकी मिस्टरांना द्या. हाफ टीशर्टमधेच बसू देत त्यांना, शाल लगेच काढून देऊ नका, दोन तास तरी जाऊ देत. मग काय म्हणतात ते मला लिहून कळवा.